सगळ्या रानाला एकच मात्रा नको



माती तपासून खत द्या, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. काळ्या रानाची मात्रा मुरमाड रानाला चालत नाही, हे आता शाळकरी पोरही सांगेल. पण मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली, की आपण सर्वांना एकच माप लावतो. मूल मागे पडले, की ‘याच्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून शेळ्यांमागे धाडतो.

ज्याला ऐकू कमी येते, नीट दिसत नाही किंवा समजायला वेळ लागतो, अशा मुलासाठी शाळेत स्वतंत्र वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करता येतो. मुलाला आज काय येते, वर्षअखेर काय यावे, कोण शिकवणार आणि प्रगती केव्हा पाहायची, हे त्यात लिहितात. ‘गणित सुधारावे’ एवढेच लिहिले, तर तो कागद फुकट गेला. ‘दिवाळीपर्यंत १० अंडी मोजून वेगळी ठेवील’ असे लिहिले, तर तपासता येते. आराखडा गुरुजींनी एकट्याने भरू नये. मुलगी दुधाचे माप बरोबर धरते, कोणती गाय कोणाची हे ओळखते, हे आईलाच ठाऊक असते. म्हणून एक दिवसाचा रोजगार बुडाला तरी आईने बैठकीला जावे. कोऱ्या कागदावर मात्र सही-अंगठा करू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी, अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेला अशा मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षण आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट याही सोयी कायद्यात आहेत. पण मागितल्यावाचून त्या क्वचितच मिळतात. तीव्र अपंगत्वाच्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला. तो पर्याय मुलाचा आहे. शाळेनेच ‘घरीच ठेवा’ म्हटले, तर ऐकू नका.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. रुग्णालयाचा दाखला यायला वेळ लागतो. तोवर मुलाला घरी बसवू नका, जूनमध्येच नाव घाला.