मीटर दुरुस्त करा, मागे फिरवू नका

नाशिकमध्ये द्वारका, सारडा सर्कल, वडाळा नाका या भागांत आपले अनेक बंधू गॅरेजच्या धंद्यात आहेत. ग्राहक येतो आणि म्हणतो, "उस्ताद, स्पीडचा मीटर चुकीचा दाखवतो, नवा टाकून द्या." आपणही पुष्कळदा जुना उतरवून नवा बसवतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि चूक तशीच राहते, कारण कित्येकदा दोष मीटरमध्ये नसतोच. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, मीटर खोलण्याआधी चूक मोजावी आणि त्या तपासणीची मजुरी उघडपणे मागावी.

मोजणे अवघड नाही. पहाटे रहदारी कमी असताना सरळ, सपाट महामार्गावर काटा ६० वर स्थिर ठेवा. शेजारी बसलेल्या शागीर्दाने किलोमीटरचे दगड पाहून ५ किलोमीटरची वेळ घड्याळावर घ्यावी. बरोबर ५ मिनिटे लागली तर मीटर ठीक. कमी वेळ लागला तर गाडी मीटरपेक्षा जोरात धावते आहे. मोबाईलवरील जीपीएसचा वेगही स्थिर चालीत पडताळ्यास उपयोगी पडतो.

यानंतर पहिली नजर टायरवर टाका. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. १४५/८० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर असतो. हौसेखातर कोणी तेथे १५५/८० आर १३ टायर बसवला तर व्यास ५७८ होतो, म्हणजे सुमारे पावणेआठ टक्के जास्त. मूळ मीटर अचूक धरला तर काटा ८० वर असताना गाडी ८६ ने पळते. वरील ५ किलोमीटर मग ४ मिनिटे ३९ सेकंदांतच संपतात. किलोमीटरचा आकडाही तितकाच कमी पडतो आणि ऑईल बदलायला उशीर होतो. अशा गाडीला नवा मीटर घालून काय उपयोग? योग्य मापाचा टायर हाच तिचा इलाज आहे.

टायर बरोबर असेल तर पुढे चला. जुन्या केबलच्या मीटरची रचना ओटो शुल्झ या जर्मन संशोधकाच्या १९०२ च्या पेटंटपासून चालत आली आहे. केबल लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि बारीक स्प्रिंग तिला आवरते. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडली आहे किंवा मुडपली आहे. काटा आणि किलोमीटर दोन्ही बंद असतील तर केबल किंवा गिअरबॉक्समधील दाते पाहा. किलोमीटर चालतात पण काटा चुकतो, तेव्हाच मीटर खोला. केबलला ग्रीस बेताने लावा, नाही तर ते मीटरमध्ये चढते.

नव्या गाड्यांत केबल नाही, तिची जागा सेन्सरने घेतली आहे. येथे स्कॅनर लागतो. तो महाग वाटत असेल तर शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून घ्यावा, पण आपल्या मुलांना ते काम शिकवावे. नाही तर उद्या हा रोजगार आपल्या हातून जाईल.

हा जिवाचाही प्रश्न आहे. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, कमी कधीही नाही. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. चुकलेला मीटर घेऊन अशा वेगवान रस्त्यावर जाणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे होय. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल १,००० ते २,००० रुपये दंड आहे. "मीटर कमी दाखवत होता" ही सबब चौकात कोणी ऐकत नाही.

शेवटी एक कडू गोष्ट. जुनी गाडी विकताना किलोमीटर मागे फिरवून द्या, अशी मागणी घेऊन येणारेही असतात. मजुरी चांगली मिळते, पण ती फसवणुकीतली भागीदारी आहे. कायद्यानेही तो गुन्हा ठरतो. तराजूत दांडी मारणारा आणि मीटर फिरवणारा यांत फरक तो काय? मीटर हेही मापच आहे. अशा गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवावे.

नवा मीटर बसवलाच तर जुन्या मीटरचा आकडा, तारीख, टायरचे माप आणि मोजलेली चूक बिलावर लिहून द्या. दोन ओळींचे काम आहे. पण ते बिल जपून ठेवणारा ग्राहक पुढच्या वेळी आपल्या भावालाही तुमच्याच दुकानात घेऊन येईल.