भंडारा–गोंदिया परिसरातील खासगी विमानवाहतूक आणि डेटालिंक
हवाई वाहतूक नियंत्रक व वैमानिक यांच्यात लेखी संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीस डेटालिंक म्हणतात. महासागर ओलांडणाऱ्या उद्योगसमूहांच्या जेट विमानांना उपग्रहाद्वारे तिचा लाभ होतो. युरोपात २८,५०० फुटांवरील उड्डाणांसाठी ती ५ फेब्रुवारी २०२० पासून, काही अपवाद वगळता, बंधनकारक आहे. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या बिरसी विमानतळावरील प्रशिक्षण विमाने मात्र कमी उंचीवर उडतात. व्हीएचएफवर चालणारी डेटालिंक, आवाजी रेडिओप्रमाणेच, डोंगराआड पोहोचत नाही. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात कोसळून दोघांचा मृत्यू झाला. अशा प्रदेशात लहान विमानांना लेखी संदेशांपेक्षा डोंगर जवळ आल्याचा इशारा आणि हवामानाची माहिती देणारी साधने अधिक उपयुक्त ठरतात.