प्रयोगाला सरकारी पैसा

कोळप्यात, हळद शिजवायच्या कढईत नाहीतर कांद्याच्या चाळीत स्वतःच्या डोक्याने सुधारणा करणारा एखादा तरी माणूस गावात असतोच. अशा प्रयोगाला सरकार पैसे देते, हे पुष्कळांच्या कानावर गेलेले नसते.

केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०१८-१९ पासून शेतीतल्या नव्या उद्योगांसाठी अनुदान सुरू केले. नुसती कल्पना असेल तर ५ लाखांपर्यंत, वस्तू तयार होऊन धंदा उभा करायचा असेल तर २५ लाखांपर्यंत. हे कर्ज नव्हे. पण २५ लाखांच्या प्रकारात १५ टक्के वाटा आपला असतो, उद्योगाची रीतसर नोंदणी लागते, आणि रक्कम काम पाहून हप्त्याहप्त्याने मिळते. दुसरा हप्ता लांबला तर घर कसे चालेल, याचा हिशोब आधी घरधनिणीबरोबर बसून करा. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे यात घालू नका.

आता अर्ज. ‘शेतकऱ्यांचा मोठा फायदा होईल’ एवढ्याने तपासणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि का व्हावे? जुन्या कोळप्याने दिवसात किती गुंठे झाले, तुमच्याने किती? चाळीत १०० किलो कांदा ठेवला, चार महिन्यांनी किती उरला? शेजारच्या साध्या चाळीत किती? हे रोजच्या रोज तारीख घालून वहीत उतरवा. फसलेला प्रयोगही लिहा. शाळेत जाणारी पोरे घरात आहेत, त्यांचे अक्षर कामाला येईल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून लोंब्या निवडून एच.एम.टी. भात काढला. वाण दूरवर गेले, २००५ मध्ये राष्ट्रीय सन्मानही झाला, पण पैसा त्यांच्या पदरात फारसा पडला नाही. म्हणून यंत्र असेल तर प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा अर्ज करा. प्राथमिक अर्ज केला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. बियाण्याच्या वाणाला पेटंट नाही, त्याची नोंदणी २००१ च्या वेगळ्या कायद्याने होते.

चौकशी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात करा. हैदराबादची ‘मॅनेज’ संस्थाही या योजनेचे काम पाहते. अर्ज मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणारा दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वही मात्र त्याला दाखवू नका.