शेणातली माती आणि पचनाचा आकडा



'आम्लात न विरघळणारी राख' मोजून चाऱ्याची पचनीयता काढणे कोणालाही जमेल, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाने लिहिले आहे. पद्धत चांगलीच आहे. 'कोणालाही' एवढे मात्र मान्य नाही.

ही राख पचत नाही, म्हणून शेणात तिचे प्रमाण वाढते. कोरड्या चाऱ्यात ती २ टक्के आणि कोरड्या शेणात ५ टक्के निघाली, तर पचनीयता ६० टक्के. पण शेण जमिनीवरून खरवडून उचलले आणि मातीमुळे ५ चे ६ झाले, की तीच पचनीयता ६६ च्या वर जाते. गाय तीच, कडबाही तोच! म्हणून नमुना हातमोजा घालून थेट गुदद्वारातून, तोही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घ्यावा लागतो. शिवाय गाय पाने आधी निवडून खाते, बुडखे गव्हाणीत राहतात. ही चघळ तोलून, तपासून वजा केली नाही, तर अख्ख्या पेंढीचा अहवाल कशाला?

टिली आणि टेरी यांची १९६३ ची परीक्षानळीतली पद्धत टाकाऊ, हे त्यांचे म्हणणेही पटत नाही. ४८ तास रुमेनचा द्रव, मग ४८ तास पेप्सिन; वैरणींची आपसात तुलना करायला ती आजही उपयोगी आहे. गाय किती खाते, हे मात्र त्या नळीला कळत नाही.

आणि शेण चाळणीवर धुण्याची थट्टा अनाठायी. त्यातून टक्केवारी निघत नाही, खरेच. पण मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा बारीक करून आणावा, एवढे त्याच दिवशी समजते.

— एक दूध उत्पादक, फलटण