सोपी वाट कोणी मागितली होती?



८ मार्च जवळ आला की गावोगावच्या सायकल गटांना बायकांची आठवण येते. गुलाबी टी-शर्ट छापले जातात, कोणा प्रतिष्ठित वहिनींच्या हस्ते झेंडा दाखवला जातो, डांबरी रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटरचा फेरफटका होतो. मग पोहे-चहा. साडेनऊला सगळ्या घरी, कारण स्वयंपाक राहिलेला असतो. याला 'महिला विशेष राइड' म्हणतात. उरलेले एक्कावन्न रविवार विशेष नसतात. त्या दिवशी गट डोंगरात जातो.

या गुलाबी फेरीची मला फारशी चीड नाही. लग्नानंतर पंधरा वर्षांनी जिने पहिल्यांदा पॅडलवर पाय ठेवला, तिच्यासाठी ती सकाळ मोठीच असते. माझं भांडण आहे ते एका पत्रकाशी. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका सायकल गटाने घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या पाऊलवाटेने माउंटन बाइकची सामूहिक राइड ठरवली. पत्रकात वाटेचं वर्णन होतं : तीव्र उतार, घसारा, दोन ठिकाणी दृष्टिभय, नाळेत सायकल खांद्यावर घ्यावी लागेल. आणि सगळ्यांत खाली एक ओळ : 'महिला व चौदा वर्षांखालील मुले यांच्यासाठी गाडीरस्त्याने सोपी वाट; जेवणाला सर्वजण भेटतील.'

आमच्यापैकी चौघींनी नावं दिली होती. त्यातल्या दोघी वर्षभर याच गटाबरोबर डोंगरात सायकल चालवत होत्या आणि नव्याने आलेल्या कितीतरी पुरुषांपेक्षा बऱ्या चालवत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. नव्या पुरुषांनाही कोणी विचारलं नाही, पण त्यांना अवघड वाट आपोआप मिळाली.

जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर आलं, "ताई, राग मानू नका, काळजीपोटीच केलं. तुम्हांला काही झालं तर तुमच्या घरच्यांना आम्ही काय तोंड दाखवणार?"

हे वाक्य नीट ऐकायला हवं. त्यात कुठेही द्वेष नाही. बोलणारा सज्जन आहे, हुंड्याविरुद्ध सही करणारा आहे. पण त्याच्या लेखी माझ्या हाडांचा हिशेब मला द्यायचा नाही, माझ्या घरच्यांना द्यायचा आहे. शेजाऱ्याकडून उसना आणलेला मिक्सर जसा धड परत करायचा असतो, तसं. त्याच राइडला आलेल्या एकाही पुरुषाच्या बायकोला कोणी विचारलं नव्हतं की वहिनी, यांना दरीच्या कडेने नेऊ का?

'दृष्टिभय' हा शब्द सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा. वाट पाऊलभर रुंद, एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला काही नाही. पाय घसरण्याच्या आधी नजर घसरते. पण या वाटा कोणी पाडल्या? डोंगर चढायची हौस असणाऱ्यांनी नाही. कोकण आणि देश यांच्यामध्ये मीठ, तांदूळ, लाकूड, गुरं ने-आण करणाऱ्यांनी, आणि त्यांत बायका होत्याच. सुधागडाच्या बाजूला उतरणाऱ्या एका जुन्या घाटवाटेचं नावच सवाष्णीचा घाट आहे. मी बारा वर्षं वाड्यावस्त्यांवर काम करते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर बायका डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन, पोटाशी मूल बांधून याच वाटांनी उतरताना मी रोज पाहते. फाटक्या चपलांनी. तिथे कोणी 'महिलांसाठी सोपी वाट' अशी पाटी लावलेली मला दिसली नाही. डोक्यावर ओझं असलं की बाईला दृष्टिभय नसतं, ओझं उतरवलं की लगेच येतं!

आपल्या आठवणीत कडा उतरणारी बाई एकच आहे, हिरकणी. दूध विकायला रायगडावर आलेली ती गवळण दरवाजे बंद झाल्यावर रात्री कडा उतरून गेली, ही कथा आपण पाळण्यापासून ऐकतो. तिच्या नावाचा बुरूज आहे, एसटीची निमआराम गाडी आहे, स्तनपानाच्या कक्षालाही तिचंच नाव. पण तिला हे सगळं का मिळालं? खाली तान्हं मूल होतं म्हणून. समजा, हिरकणी नुसती 'उतरून बघू या' म्हणून उतरली असती, तर? बुरूज सोडाच, गावाने तिला पुन्हा गडावर दूध घालायला तरी पाठवलं असतं का? बाईच्या धाडसाला आपल्याकडे मान आहे, पण पोटच्या मुलासाठी, नवऱ्याच्या प्राणासाठी, राज्यासाठी. स्वतःच्या मजेसाठी केलेल्या धाडसाला शब्दच नाही. 'भटकणं' हा एक आहे. तो बाईला लावला की शिवी होतो.

सायकलचंही तेच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. बिहारने २००६ साली शाळकरी मुलींसाठी सायकल योजना आणली. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. या योजनांचं मोल मला पुरेपूर माहीत आहे. शाळा सुटता सुटता वाचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पण सायकल मिळाली ती घर ते शाळा आणि शाळा ते घर. रस्ता आखून दिलेला. मुलीने ती टेकडीवर नेली, तर? पुदुक्कोट्टैच्या बायकांनी मात्र मिरवणुका काढल्या, शर्यती लावल्या, आणि मला वाटतं खरा बदल तिथे होता.

आता भीतीबद्दल. गटातल्या एका अनुभवी सभासदाने मला समजावलं की बायका उतारावर 'निसर्गतःच' घाबरतात, ब्रेक दाबून धरतात, मग चाक घसरतं. निरीक्षण खोटं नव्हतं. आमच्यातली एकजण खरंच प्रत्येक उतारावर अडखळायची. मग दुसरीने तिच्या सायकलचा ब्रेक हातात घेऊन पाहिला. ब्रेकची दांडी हँडलच्या मुठीपासून किती लांब असावी हे ठरवणारा एक बारीक स्क्रू असतो. सायकल दुकानातून आली तेव्हा तो पुरुषाच्या पंजाच्या मापाने लावलेला होता. हिची बोटं दांडीपर्यंत पोहोचतच नव्हती. पोहोचवण्यासाठी तिला मुठीवरची पकड सोडावी लागत होती. दगडधोंड्यांच्या उतारावर पकड सुटली तर कोण घाबरणार नाही? ॲलन कीचे चार वेढे दिले आणि एका बोटाने ब्रेक लागू लागला. सीट खाली केली, म्हणजे वजन मागे नेता आलं. पुढच्या रविवारी तिचा 'निसर्ग' पुष्कळ बदललेला होता.

बाईचा स्वभाव म्हणून जे जे सांगितलं जातं त्याच्या मागे असे किती स्क्रू आहेत, हे एकदा सगळ्यांनी बसून मोजलं पाहिजे. हेल्मेटचं माप, फ्रेमची उंची, गुडघ्याचे पॅड. आणि सगळ्यांत मोठा स्क्रू सरावाचा. नजर दरीत नाही, पुढच्या वळणावर ठेवायची, कारण नजर जाते तिकडे सायकल जाते. ब्रेक वळणात नाही, वळणाआधी लावायचा. दोन सायकलींत अंतर ठेवायचं. उतरायचं तर डोंगराच्या बाजूला. यातलं काहीही दाढीमिशांबरोबर उगवत नाही. मुलगे ते बाराव्या वर्षी शिकतात, कारण त्यांना पडू दिलं जातं. मुलगी पडली तर सायकल काढून घेतली जाते. मग तिसाव्या वर्षी तिला सांगतात, तुला जमत नाही.

सामूहिक राइडमधल्या 'सामूहिक' शब्दाचीही गंमत आहे. पुढचे जोरात जातात, वळणावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. मागची धापा टाकत पोहोचली की 'चला, आल्या सगळ्या' म्हणून निघतात. म्हणजे जिला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज तिला ती शून्य मिळते, आणि वर 'तुमच्यासाठी थांबलो होतो' हे उपकाराचं ओझं. घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर बसणाऱ्या बाईला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. पहाटे चारला निघायचं असतं तेव्हा पुरुष साडेतीनला उठतो. बाई दोनला उठते, डबे भरून ठेवते, आणि मग उतारावर तिची दमछाक झाली की कारण शरीररचनेत शोधलं जातं.

हे फक्त आपल्याच गावचं नाही. माउंटन बाइकचा खेळ आकाराला आला तो १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, मरीन भागात. तिथल्या 'रीपॅक' नावाच्या उतारावर १९७६ पासून शर्यती होत. उतार इतका तीव्र, की जुन्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावं लागे. नाव पडलं ते त्यावरून. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही बाई होती. ती जड सायकल घेऊन तो डोंगर उतरायची आणि फोटोही काढायची. त्या दिवसांची जी चित्रं आज जग पाहतं त्यांतली कितीतरी तिची. कॅमेऱ्यामागे असल्यामुळे चित्रांत मात्र पुरुषच दिसतात, आणि पाहणारे म्हणतात, बघा, हा खेळ पुरुषांचाच होता.

ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरची सायकल शर्यत पुरुषांसाठी १८९६ पासून होती, स्त्रियांना १९८४ उजाडावं लागलं. माउंटन बाइक १९९६ साली अटलांटात आली ती दोघांसाठी एकदमच. वाटलं, प्रश्न मिटला. पण अमेरिकेत युटा राज्यातल्या लाल कड्यांवर २००१ पासून 'रेड बुल रॅम्पेज' नावाची स्पर्धा भरते. सुळक्यावरून दोन्ही बाजूंना दरी असलेल्या धारेवर सायकल सोडायची. तिथे स्त्रियांची स्पर्धा पहिल्यांदा झाली २०२४ साली. मधल्या काळात काही जणी तिथेच जवळपास आपापले सराव-मेळावे भरवत राहिल्या, दार ठोठावत राहिल्या. २०२४ ला न्यूझीलंडची रॉबिन गूम्स जिंकली, हवेत सायकलसकट उलटी कोलांटी मारून. तिथे स्पर्धक आपली वाट स्वतः फावड्याकुदळीने खोदून घेतात, हे वाचून मला हसू आलं. रोजगार हमीवर डोंगर फोडून रस्ते करणाऱ्या आपल्या बायकांना कुदळ कशी धरायची ते कोणी शिकवायला नको. त्या रस्त्यांवरून मजेने कोणी जायचं, एवढंच ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.

आता आपल्या घरातलं भांडण. मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, बायका जळताहेत, आणि तुला डोंगरावर सायकली सुचताहेत? हे खाल्ल्या घरचे खेळ." मावशींचा मान ठेवून मी सांगते, निम्मं मला मान्य आहे. चांगली माउंटन बाइक महाग असते, आमच्या चौघींत एकीचीच स्वतःची होती, बाकीच्यांनी मागून आणल्या. ज्या वाडीत आम्ही पिठलं-भाकरी खाणार होतो, तिथल्या बाईला रविवार नसतो, हेही खरं. पण दुःखाची बाब असेल तरच बाईचा प्रश्न खरा, हे कोणी ठरवलं? मग आपणही हिरकणीचाच न्याय लावतो आहोत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं : बाईला सुरक्षिततेच्या नावाने घरात ठेवू नका, तिला धोका पत्करायचा हक्क द्या, उगाच फिरायचा हक्क द्या. रस्त्याला जे लागू ते डोंगराला का नाही?

आणि जळणाऱ्या बायका कुठे जळतात, मावशी? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, 'पती वा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' याचा आहे. ज्या जागेला सगळे सुरक्षित म्हणतात तिथला हा आकडा.

धोका नाही असं मी म्हणत नाही. दृष्टिभय असलेल्या वाटेवर पडलेली व्यक्ती मरू शकते, बाई असो वा पुरुष. पुरुष गेला तर 'धाडसी होता' म्हणून दरवर्षी त्याच्या नावाने मोहीम निघते. बाई गेली तर पहिला प्रश्न, 'कशाला गेली होती तिथे?' दुसरा प्रश्न, 'कोणाबरोबर?' म्हणून जो निर्णय घ्यायचा तो कौशल्यावर घ्या, लिंगावर नको. कोरड्या घसाऱ्यावर ज्याला ब्रेक सांभाळता येत नाही तो गाडीरस्त्याने जाईल, मग तो गटाचा अध्यक्ष का असेना.

आम्ही गटाला लेखी दिलं आहे. प्रत्येक अवघड राइडआधी एक सरावाचा दिवस सगळ्यांसाठी सक्तीचा, आणि कोण कोणत्या वाटेने जाईल ते तिथे ठरेल. सायकली आदल्या दिवशी ज्याच्या-तिच्या मापाला लावायच्या. शेवटची व्यक्ती पोहोचल्यावर दहा मिनिटं थांबायचं. निघायची वेळ ठरवताना बायकांना विचारायचं. वाडीत जेवण करणाऱ्या बाईला पैसे तिच्या हातात द्यायचे, तिच्या नवऱ्याच्या नाही. आणि पत्रकातली ती ओळ काढायची.

उत्तर अजून आलेलं नाही. पाऊस उघडून वाट वाळली की पुढची राइड आहे. या वेळी नावं चार नाहीत, अकरा आहेत. त्यांत वरच्या वाडीतली एक विशीतली मुलगीही आहे. तिला सायकल येते, वाट तर आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. फक्त तिच्या मापाची सायकल मिळवायची आहे. कोणाकडे लहान फ्रेमची असेल तर कळवा.