काळी काच, बदलता रंग आणि कायद्याचे मौन

मोटारीचा रंग ही केवळ हौसेची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नोव्हेंबर २०२५ मधील घटनाक्रम आठवावा. १० नोव्हेंबरला लाल किल्ल्याजवळ एका पांढऱ्या मोटारीत स्फोट झाला. त्यानंतर तपास यंत्रणा एका लाल मोटारीच्या मागावर होत्या. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांच्या पोलिसांना सावध करण्यात आले ते तिचा क्रमांक, बनावट आणि रंग सांगून. दोन दिवसांनी ती फरीदाबाद जिल्ह्यात सापडली. स्फोटातील मोटार मूळची गुरुग्रामला नोंदलेली होती. ती अनेकांच्या हातून गेली, पण कागदोपत्री नाव जुनेच राहिले, हेही तपासात उघड झाले. नोंदणीपुस्तकातील वर्णन आणि रस्त्यावरील वास्तव यांत अंतर पडले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नको.

काचेवरील काळी फिल्म आणि गाडीच्या अंगावर डकवले जाणारे रंगीत विनाइलचे आवरण या दोन्ही गोष्टींकडे याच नजरेने पाहायला हवे. पहिलीमुळे गाडीत कोण आहे ते दिसत नाही, दुसरीमुळे गाडी कोणती ते कळत नाही. पहिलीबाबत कायदा स्पष्ट होता, तो आता धूसर झाला आहे. दुसरीबाबत तो मुळात स्पष्ट नव्हताच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. फिल्मच्या विक्रेत्यांनी याचा सोयीस्कर अर्थ लावला होता. एका जनहित याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या पीठाने त्या अर्थाला पूर्णविराम दिला. काच कारखान्यातूनच विहित प्रमाणात गडद होऊन आली असेल तर हरकत नाही. पण वरून डकवलेली फिल्म, मग ती कितीही पारदर्शक असो, चालणार नाही, असा तो निकाल होता. ४ मे २०१२ पासून तो अंमलात आला. सूट ठेवली ती ‘झेड’ व ‘झेड प्लस’ सुरक्षा असलेल्यांपुरती, तीही समितीच्या तपासणीनंतर.

निकालाला आठ महिनेही झाले नव्हते तोच १६ डिसेंबर २०१२ ची रात्र उजाडली. त्या रात्री दिल्लीच्या रस्त्यांवरून फिरत राहिलेल्या खासगी बसच्या काचा काळ्या होत्या आणि त्यांवर पडदेही होते. देश हादरल्यानंतर तत्कालीन गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी संसदेत जे उपाय जाहीर केले, त्यांत अशा बसेसवरील कारवाईचा समावेश होता. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने जे आधीच सांगितले होते, ते करण्याचे आश्वासन सरकारला पुन्हा द्यावे लागले. न्यायालयाचा आदेश रस्त्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचेतो किती अंतर असते, हे राजधानीने त्या वेळी फार मोठी किंमत देऊन पाहिले.

हे अंतर पडते कशामुळे? एक कारण दंडाच्या रकमेत आहे. सर्वसाधारण कलम १७७ खालील दंड पूर्वी १०० रुपये होता. नितीन गडकरी यांच्या खात्याने आणलेल्या २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या गुन्ह्यासाठी ५००, पुढील प्रत्येक गुन्ह्यासाठी १५०० रुपये झाला. करोल बागेत फिल्म लावून घेण्याचा खर्च याहून अधिक असतो. दुसरे कारण अधिक खोल आहे. मोटारीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून उतरला. पण दिव्याने मिळणारा दरारा हवाहवासा वाटणारे उतरले नाहीत. काळ्या काचेची मोटार अडवताना ‘आत कोण असेल’ हा प्रश्न शिपायाच्या मनात येतो आणि हात आखडता होतो. काच काळी आहे म्हणूनच तिला अभय मिळते, असा हा उलटा न्याय आहे.

त्यातच २०२० च्या नियमदुरुस्तीने गुंता वाढवला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये केवळ सुरक्षा काचच नव्हे, तर प्लास्टिकच्या थरासह तयार होणाऱ्या ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही स्थान मिळाले. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, विहित प्रमाणात प्रकाश जात असेल तर अशी फिल्म बेकायदा ठरत नाही, असा निर्वाळा दिला. ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या दिल्लीच्या उन्हाळ्यात ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु तो निकाल दिल्लीच्या पोलिसांवर बंधनकारक नाही आणि २०१२ चा आदेश तर सर्वोच्च न्यायालयाचा आहे. एकच फिल्म कोचीत वैध आणि दिल्लीत दंडपात्र, अशी ही अवस्था आहे.

रंगाचे प्रकरण याहून नाजूक आहे. नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील, मूलभूत स्वरूप पालटणारा बदल, असे म्हणते. मग आज निळे दिसणारे आणि सहा महिन्यांनी सोलून काढता येणारे आवरण हा बदल आहे की नाही? १९८८ च्या कायद्याला असा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. नियम १२१ ने संरक्षण खात्याबाहेरच्या वाहनांना लष्करी हिरवा रंग मात्र निषिद्ध केला आहे. रंग ही ओळख आहे, हे तत्त्व शासनाला मान्य असल्याची ती कबुलीच होय.

बदलीवर दिल्लीत येणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना हा प्रश्न थेट भिडतो. महाराष्ट्रातील क्रमांकाची मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ पासून मिळणाऱ्या ‘बीएच’ मालिकेने केंद्रीय कर्मचाऱ्यांची ही यातायात वाचवली आहे, तरी सर्वांची नाही. तपासणीत कागदावर पांढरी आणि डोळ्यांसमोर करडी मोटार उभी राहिली, तर काम अडू शकते. तेव्हा रंग पालटणाऱ्याने परिवहन कार्यालयात तशी नोंद आधी करून घ्यावी. आणि काचेच्या बाबतीत केरळच्या निकालावर विसंबून राहू नये, हेच तूर्त शहाणपणाचे.

मात्र नागरिकांच्या शहाणपणावर कायद्याची उणीव भागवता येत नाही. वाहनाच्या दर्शनी भागाचा बराचसा रंग बदलणारे आवरण नोंदवणे आवश्यक आहे, एवढे एक वाक्य आणि फिल्मबाबत हो किंवा नाही असे दुसरे, ही दोन वाक्ये नियमांत घालणे केंद्रीय परिवहन खात्याला अवघड नाही. नियम संदिग्ध असला की तो कोणाला लागू करायचा हे नाक्यावरचा शिपाई ठरवतो आणि तेथे सामान्यांचे पारडे हलकेच असते. लाल दिवा उतरवताना सरकारने रस्त्यावर सर्व समान असल्याचे सांगितले होते. त्या घोषणेची खरी परीक्षा अजून काळ्या काचेआड अडली आहे.