रुमालात बांधलेली पदवी
दप्तरदार

गेल्या महिन्यात एका विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात दोन-अडीच तास घालविण्याचा प्रसंग आला. परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेचे पदवीपत्र पुराच्या पाण्यात गेलेले, वेतनश्रेणीच्या थकबाकीचे प्रकरण लेखा विभागात अडकलेले, आणि त्या कोणत्या साली व कोणत्या वर्गात उत्तीर्ण झाल्या याचा दाखला विद्यापीठावाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी अर्ज घेऊन गेलो होतो. जिन्याखालच्या त्या खोलीत दप्तरबंदाने मांडणीवरून एक गठ्ठा उतरविला, लाल खारव्याच्या रुमालाची गाठ सोडली आणि निकालाचे लेजर माझ्यापुढे उघडले. डाव्या हाताच्या पानांची बाहेरची कड वाळवीने चार बोटे रुंद खाऊन टाकली होती. आसन क्रमांक आणि परीक्षार्थीचे नाव त्याच कडेला लिहिलेले असे. उजवीकडे विषयवार गुण, बेरीज, वर्ग, सारे काही निळ्या शाईत सुवाच्य आणि शाबूत होते, परंतु ते गुण कोणाचे हे सांगणारे अक्षर उरले नव्हते. आणि समोरच्या मांडणीवर तीस वर्षांपूर्वीची प्रवासभत्त्याची बिले, लेखनसामग्रीची मागणीपत्रे आणि टपालाची पोचपुस्तके, एकाही पानाला धक्का न लागता, नीट बांधून ठेवलेली होती.

याचा दोष मी वाळवीला देत नाही. जे केव्हाच निकालात निघावयास हवे होते त्याने कोरडी आणि उंच जागा अडविली, म्हणून जे कायम राहावयाचे ते ओल आलेल्या भिंतीला टेकून बसले. कागद नष्ट करण्याची जबाबदारी कोणी स्वीकारीत नाही तेव्हा कागद टिकतात असे नाही. कोणता टिकावा आणि कोणता जावा याचा निर्णय तेवढा ओल, उंदीर आणि कसर यांच्या स्वाधीन होतो.

महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत या निर्णयाची व्यवस्था जुनी आणि सर्वपरिचित आहे. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १०, ‘क-१’चे ५ आणि ‘ड’चे अवघे एक वर्ष ठेवावयाचे. विद्यापीठांच्या बाबतीतही कायदा मूक नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये कुलसचिव हा विद्यापीठाच्या अभिलेखांचा अभिरक्षक आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास सांगते. आणि केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर विहित रीत सोडून अभिलेख नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. उणीव आहे ती कलमे आणि कपाटे यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाची.

विद्यापीठाचे दप्तर इतर कचेऱ्यांच्या दप्तरांहून एका अर्थी अधिक नाजूक असते, कारण त्यातील मुख्य दस्तऐवजाचा धनी कक्षाबाहेर, बहुधा गावाबाहेर आणि कित्येकदा देशाबाहेर असतो, आणि तो केव्हा येईल हे कोणालाच माहीत नसते. सोलापूरचे दयानंद महाविद्यालय १९४० साली निघाले. त्याच्या पहिल्या काही वर्षांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाल्यावर जे शिकले त्यांच्या पुण्याच्या. १९६२ नंतरच्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. आणि २००४ पासूनच्या खुद्द सोलापूर विद्यापीठाच्या. महाविद्यालय तेच आणि शहरही तेच, पण एकाच घरातल्या आजोबा, वडील, मुलगी आणि नात यांना दाखल्यासाठी चार निरनिराळ्या दारांशी जावे लागते. अधिकारक्षेत्राच्या अशा प्रत्येक विभाजनाच्या वेळी कोणते दप्तर जुन्या विद्यापीठाकडे राहिले आणि कोणते नव्याकडे गेले, याची स्वाक्षरीची यादी दोन्ही बाजूंना असली पाहिजे, आणि ती ‘अ’ वर्गातच मोडली पाहिजे. अधिसभा, विद्या परिषद व व्यवस्थापन परिषद यांची इतिवृत्ते, निकालाची लेजरे, पदवीधरांच्या नोंदवह्या आणि जमिनींचे कागद हे तर कायमचे खरेच. पण जुने अभ्यासक्रमही तितकेच कायमचे होत, कारण परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याला आपण वीस वर्षांपूर्वी नेमके काय शिकलो हे साक्षांकित प्रतीने सिद्ध करावे लागते.

उत्तरपत्रिकांची गोष्ट वेगळी. दर सत्राला त्यांचे डोंगर उभे राहतात आणि ते कायमचे सांभाळावेत असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, त्याच वेळी हा हक्क पत्रिका जपण्याची विहित मुदत चालू असेपर्यंतच आहे हेही स्पष्ट केले. म्हणून ती मुदत निकालाबरोबरच जाहीर झाली पाहिजे, ती पुनर्मूल्यांकनाला पुरेशी असली पाहिजे, आणि ज्या पत्रिकेबद्दल वाद न्यायालयात आहे ती मुदत उलटली तरी गठ्ठ्यातून वेगळी काढून ठेवली पाहिजे. मुदत संपल्यावर मात्र त्या यंत्रात बारीक करूनच कागद गिरणीकडे जाव्यात. विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात भेळ बांधून दिली जाणे हा मी त्या विद्यार्थ्याचा अवमान समजतो.

मुदतीचे कोष्टक कितीही चांगले असले तरी ते डोळे मिटून लावण्याची वस्तू नव्हे. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल इंग्रजी अमलाने जपले ते मुख्यतः इनामांच्या आणि महसुलाच्या दाव्यांची छाननी करता यावी म्हणून. पुढे १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडीचे ४५ खंड छापविले, तेव्हा हिशेबाच्या कागदांतून एक राज्य बोलू लागले. १९७२ च्या दुष्काळातील एखाद्या वसतिगृहाच्या खाणावळीची हिशेबवही कोष्टकाप्रमाणे कधीच मुदतबाह्य झालेली असेल, पण त्या वर्षी मुलांच्या ताटात ज्वारी किती आली आणि किती मुले मध्येच गावी परतली हे तिच्यावाचून कोठे मिळणार? म्हणून विल्हेवाटीपूर्वीच्या छाननीत इतिहास विभागातील एक अध्यापक बसलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

संगणकावर प्रतिमा घेतल्या की काम झाले असे हल्ली मानले जाते. नव्या पदव्या डिजीलॉकरवर मिळतात ही मोठीच सोय आहे. परंतु जुन्या लेजराच्या प्रतिमेला नावांची सूची जोडलेली नसेल तर तो नुसता पानांचा ढीग होय, आणि खाल्लेल्या पानाची प्रतिमा खाल्लेलीच निघते.

त्या कक्षात मी नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही मागितली. तशी वही नव्हती. आजवर काही रीतसर नष्ट केलेच नव्हते. दप्तरबंदाने खिशातून एक लहानशी वही काढली. कोणत्या सालचे लेजर कोणत्या मांडणीवर, कोणते ओलीमुळे हलविले, कोणते बांधणीला दिले ते परत आलेच नाही, हे सारे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ही वही कार्यालयाच्या मालकीची नाही, कोणी ती मागितलेली नाही, आणि येत्या मे महिन्यात ते सेवानिवृत्त होत आहेत. मी कुलसचिवांना पत्र लिहून त्या वहीची साक्षांकित प्रत करून घेण्याची विनंती केली आहे. बाईंच्या महाविद्यालयातील जनरल रजिस्टर अजून शाबूत असल्याचे कळते; त्यात त्यांचे नाव सापडले तर निदान प्रवेशाचे साल हाती येईल, म्हणून येत्या सोमवारी तिकडे जाणार आहे.